साटीन घरी धुताना चमक कशी टिकवायची

लग्नसराई संपली की माझ्याकडे दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. एक ब्लाऊज उसवून सैल करून मागणारी. दुसरी पिशवीतून साटीनचा परकर, गाऊन नाहीतर लाचा काढून कटिंगच्या टेबलावर पसरणारी आणि विचारणारी, "ताई, याची चमक कुठं गेली जी?" नागपूरच्या महाल भागात घराच्या पुढच्या खोलीत मी सव्वीस वर्षं शिवणकाम करते. सैल करायचं काम मी लगेच हातात घेते. पण घासून घासून गेलेली चमक मला परत आणून देता येत नाही, आणि हे त्या बाईला सांगताना दर वेळी जिवावर येतं. साबणाचा थर बसून मंद झालेलं कापड मात्र पुष्कळदा सुधारतं. दोन्हींतला फरक कळला तर निम्मे कपडे वाचतील, म्हणून हे लिहिते आहे.

मला हे शिकवलं माझ्या सासऱ्यांनी. मामाजी एम्प्रेस मिलमध्ये विणाई खात्यात होते. जमशेटजी टाटांनी 1877 साली सुरू केलेली ती मिल. आता तिथे मॉल उभा आहे. मिलमधून निघायचा तो सुती माल, पण मामाजींना कुठल्याही कापडाची वीण बोटाला कळायची. मी नवीन नवीन शिवायला लागले तेव्हा गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेला साटीनचा तुकडा त्यांनी खिडकीशी नेला, माझं धागे मोजायचं भिंग त्यावर ठेवलं आणि म्हणाले, "बघ बेटा, इथं ताणा पोहतो."

ताणा म्हणजे उभा धागा. साध्या कापडात तो एका आडव्या धाग्यावरून जातो आणि पुढच्याच्या खालून जातो. साटीनमध्ये तो चार आडव्या धाग्यांवरून जातो आणि मग एकदाच खाली बुडी मारतो. भारी विणीत सातांवरून जातो. त्यामुळे वरच्या बाजूला नुसते लांब, मोकळे, एका दिशेला झोपलेले धागे दिसतात. उजेड त्यांच्यावर पडला की एकाच बाजूला परततो, तीच चमक. मामाजी म्हणायचे, विंचरलेले केस चमकतात आणि तेच विस्कटले की मंद दिसतात; केसही तेच, तेलही तेच. साटीन घासलं की हे पोहणारे धागे विस्कटतात, तुटतात, त्यांची लव निघते. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप कळतं: भिजवताना, पिळताना, वाळवताना, इस्त्री करताना या झोपलेल्या धाग्यांना उठवायचं नाही.

आपलं साटीन कशाचं आहे ते आधी पाहा. साटीन हे विणीचं नाव आहे, धाग्याचं नाही. रेशमाचं असतं, पॉलिएस्टरचं असतं, व्हिस्कोसचं असतं, अ‍ॅसिटेटचंही असतं. चादरींवर 'कॉटन साटीन' लिहिलेलं असतं, त्यात सुती आडवे धागे वर आणलेले असतात. ते बरंच दणकट असतं. मीटरवर स्वस्तात मिळणारं परकराचं, अस्तराचं, देवाच्या वस्त्रांचं साटीन जवळजवळ सगळं पॉलिएस्टर असतं. शंका असेल तर आतल्या शिवणीच्या दाबातून दोन-तीन धागे काढा, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. पॉलिएस्टर वितळतं आणि काळा टणक मणी उरतो. व्हिस्कोसला कागद जळल्याचा वास येतो. अ‍ॅसिटेट वितळताना व्हिनेगरसारखा आंबूस वास सोडतं. अ‍ॅसिटेटला नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही लावू नका. त्यातलं अ‍ॅसिटोन डागासकट कापडच विरघळवतं.

लेबल असेल तर तेही वाचा. टबात हात काढलेला असेल तर हाताने धुवा, टबावर फुली असेल तर पाण्यात घालू नका. कप असलेला, कॅनव्हास घातलेला, खड्यामोत्यांनी भरलेला ब्लाऊज घरी धुवायचा मोह टाळा. कपड्याला काही झालं नाही तरी आतला फोम चुरमडतो आणि अस्तर एकीकडे, साटीन दुसरीकडे आटतं. तो ड्रायक्लीनलाच द्या.

आता पाणी. नागपुरात साटीन खराब होण्यात पाण्याचा वाटा मोठा आहे, आणि त्याकडे कोणी बघतच नाही. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांनी मे महिन्यात आपला कूलर उघडून बघावा. वुडवुलवर पांढरी खरखरीत खपली बसलेली दिसेल. तो पाण्यातला क्षार. हाच क्षार साबणाशी मिळाला की न विरघळणारा चिकट साका होतो, बादलीच्या कडेला राखाडी रेघ उठते ना, तोच. सुती कापडावर तो फारसा दिसत नाही. साटीनवर मात्र त्या झोपलेल्या धाग्यांमध्ये जाऊन बसतो आणि आरशावर वाफ धरावी तशी चमक मंदावते. म्हणून साटीनला कपड्यांची वडी लावूच नका. लोकरीच्या कपड्यांसाठी ईझीसारखं द्रावण मिळतं ते वापरा, नाहीतर लहान मुलांचा सौम्य शाम्पू. नळाला येणारं पेंच-कन्हान नद्यांचं पाणी बोअरपेक्षा बरं, दोन्ही असतील तर साटीनपुरतं नळाचं घ्या.

आणखी एक. पुष्कळ घरी आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं पाणी बादलीत जमवून धुण्याला वापरतात. पाणी वाचवायची सवय चांगली आहे, फरशी त्याने खुशाल पुसा. पण गाळून काढलेला सगळा क्षार त्याच पाण्यात असतो, त्यामुळे साटीनला ते नको. उलट आरओचं प्यायचं पाणी दोन-तीन लिटर शेवटच्या खळबळण्याला वापरलंत तर रेशमी साटीन फार सुरेख निघतं.

पाणी थंड हवं. तीस अंशांच्या वर नको. इतर गावांत हे सांगावं लागत नसेल, आपल्याकडे सांगावं लागतं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणाऱ्या पाण्याने हात भाजतो. त्या पाण्यात मरून साटीन घातलं की पाच मिनिटांत बादलीचं बीटाचं पाणी होतं. मी एप्रिल ते जून रात्रीच बादली भरून मोरीत ठेवते आणि सकाळी सहाला धुते.

नवीन कपडा असेल तर रंगाची परीक्षा करा. पांढरा सुती रुमाल ओला करून आतल्या शिवणीवर मिनिटभर दाबून धरा. लाल, मरून, राणी आणि मोरपंखी हमखास सुटतात. रुमालाला रंग लागला तर तो कपडा एकटाच धुवायचा, तोही भिजत न ठेवता.

धुण्याचं काम स्वतः दहा मिनिटांचं आहे. हूक, चेन लावून घ्या, कपडा उलटा करा. अर्ध्या बादलीत एक लहान चमचा द्रावण आधी नीट मिसळा, मग कपडा सोडा. कपड्यावर थेट द्रावण ओतलं तर तिथे ठिपका राहू शकतो. पाच मिनिटं, फार तर दहा. मग हाताने पाण्यातच वरखाली करायचा, तान्ह्या बाळाला टबात घालतो तसा, दोन्ही तळव्यांवर तोलून. ब्रश नाही, धोपटणं नाही, मुठीत धरून चोळणं नाही. काखेचा आणि गळ्याचा भाग बोटांनी नुसता दाबा आणि सोडा, पाणी आरपार जाऊ द्या. व्हिस्कोस ओलं असताना कमजोर होतं, ते जास्तच जपून हाताळा.

दोन वेळा साध्या पाण्यात खळबळा. बोअरचं पाणी असेल तर तिसऱ्या अर्ध्या बादलीत दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घाला, दोन मिनिटं ठेवा, मग एकदा साधं पाणी. क्षाराचा आणि साबणाचा थर याने सुटतो. मंद झालेला परकर घेऊन येणाऱ्या बायकांना मी आधी हेच करून बघायला सांगते. दोन-तीन वेळा केल्यावर चमक वर आली तर तो थरच होता. आली नाही तर धागे घासले गेलेत असं समजा. जरीचं आणि मोत्यांचं काम असेल तिथे मात्र व्हिनेगर वापरू नका.

रेशमी साटीनसाठी एक-दोन पथ्यं वेगळी. रेशीम हे प्रथिन आहे, केसांसारखंच. धुण्याच्या कित्येक पावडरींमध्ये रक्ताचे, दुधाचे डाग खाणारी एन्झाइम असतात, ती प्रथिनावरच काम करतात, म्हणजे रेशमावरही. धुण्याचा सोडा आणि ब्लीच त्याहून वाईट. माझी आई रेशमाला रिठ्याचं पाणी वापरायची. चार-पाच रिठे रात्री भिजवून, सकाळी कुस्करून, मलमलीतून दोनदा गाळून. गडद रंगांना मी अजूनही तेच वापरते. पांढऱ्या आणि मोतिया रंगाला नको, पिवळट झाक येते.

मशीन? पॉलिएस्टरचे परकर आणि उशांचे अभ्रे जाळीच्या पिशवीत घालून, डेलिकेटवर, कमी स्पिनवर चालतील. जीन्स बरोबर नको. बाकी काही मी मशीनमध्ये टाकत नाही.

डागांचं दुखणं आपल्याकडे एकाच पदार्थापासून सुरू होतं, तर्री. लग्नाच्या सकाळी तर्री-पोहे असतातच आणि साटीनच्या ओढणीवर तो लाल थेंब पडतोच. पडल्यावर बायका काय करतात? ओला नॅपकिन घेऊन घासतात. त्याने तेल पसरतं आणि धागेही उठतात. त्याऐवजी कोरड्या टिश्यूने वरचं तेल नुसतं टिपून घ्या आणि मेकअपच्या पिशवीतली टाल्कम पावडर त्यावर जाड थापा. तीन-चार तास तशीच राहू द्या. घरी आल्यावर पावडर झटका, कपडा उलटा करा, डागाखाली जुना सुती कपडा ठेवा आणि मागच्या बाजूने द्रावणाचं पाणी बोटाने थोपटा. डाग खालच्या कपड्यात उतरतो. कडेकडून मध्याकडे यायचं. हळदीची पिवळी छटा राहिली तर साबण लावू नका. हळदीत चुना पडला की कुंकू होतं हे आपल्याला ठाऊक आहे, क्षारी साबणाने तोच लाल रंग साटीनवर चढतो. पांढऱ्या पॉलिएस्टरची उरलेली छटा सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा-पाऊण तास ठेवून कमी होते. रंगीत कापडावर हा प्रयोग नको, हळदीबरोबर कापडाचा रंगही उडेल.

घाम वेगळा. नागपूरच्या मे महिन्यात लग्नातून आलेला ब्लाऊज घडी करून कपाटात गेला की काखेत कडक पिवळा चट्टा ठरलेलाच. आल्या आल्या अंगातून काढा, पंख्याखाली पसरा आणि दुसऱ्या दिवशीच धुवा. अत्तर, डिओ, हेअरस्प्रे हे सगळं कपडा घालण्याआधी लावायचं आणि वाळू द्यायचं.

रेशमी साटीनवर पाण्याचा थेंब पडला तर वाळल्यावर त्याची गोल कड उमटते. कापडातली खळ आणि पाण्यातला क्षार त्या कडेला जाऊन साठतो. तेवढंच ठिकाण पुन्हा ओलं केलं तर वर्तुळ आणखी मोठं होतं. सबंध कपडा एकसारखा ओला करून एकसारखा वाळवणं हाच त्यावर उपाय.

पिळायचं नाही, हे मी दहा वेळा सांगितलं तरी कमी आहे. पीळ दिला की ओले धागे एकमेकांवर चढतात आणि वाळल्यावर वळ्या कायमच्या राहतात. मोठा सुती टॉवेल पलंगावर पसरा. कपडा पाण्यातून दोन्ही हातांनी उचला, खाली लोंबू देऊ नका. टॉवेलवर सरळ मांडा, बाह्या नीट, कळ्या नीट. मग एका टोकापासून पुरणपोळीचा रोल करतो तसा टॉवेलसकट गुंडाळा आणि तळव्याने दाबत दाबत पुढे जा. टॉवेल जड होतो, कपडा हलका. उलगडलात की साटीन दमट असतं पण थेंब गळत नाही.

मग सावलीत, उलट्या बाजूने, जाड हँगरवर. तारेवर नाही, तारेचा गंज उतरतो. चिमटाही नाही, त्याचे दात उमटतात. तिरकं कापलेला गाऊन किंवा घेर टांगू नका, स्वतःच्याच वजनाने खाली ओघळतो; खाटेवर आडवा वाळवा. उन्हाळ्यात आमच्या घरात बंद खोलीतसुद्धा तासाभरात साटीन सुकतं, गच्चीवर न्यायचं कारणच नाही. कडक उन्हात रंग विटतो आणि रेशीम पिवळं पडतं. पावसाळ्यात उलट अडचण: दोन-दोन दिवस दमट राहतं, कुबट वास धरतं. तेव्हा पंख्याखाली वाळवा आणि जमलं तर कोरडा दिवस बघूनच धुवायला काढा.

इस्त्रीपाशी येते. माझ्या लेकीच्या साक्षगंधाचा वाइन रंगाचा लाचा मी स्वतः शिवला होता, चौदा कळ्यांचा. घाईत होतो, म्हणून तो एका दुकानात नुसता प्रेस करायला दिला. परत आला तेव्हा पुढच्या कळीवर इस्त्रीच्या टोकाचा आकार उठून दिसत होता, बाकी साटीनपेक्षा जास्त चकचकीत, काचेसारखा. पॉलिएस्टरचे धागे उष्णतेने मऊ होऊन चपटे झाले की असं होतं. ते पुन्हा गोल होत नाहीत. ती कळी उसवून मी रात्री नवीन घातली, आणि गांधीबागेत त्याच थानातला कपडा शिल्लक होता म्हणूनच ते जमलं. त्या दिवसापासून साटीनची इस्त्री मी कोणाच्या हातात देत नाही.

कपडा उलटा करा. इस्त्री एका टिंबावर ठेवा, म्हणजे साधारण 110 अंश. रेशमाला गरज पडलीच तर दोन टिंबं, साधारण 150, त्यापुढे नाही. वर मलमलीचा जुना धुतलेला तुकडा पसरा. इस्त्री पुढे ढकलू नका, ठेवायची आणि उचलायची, ताण्याच्या दिशेने सरकत जायचं. पॉलिएस्टर किंचित दमट असतानाच इस्त्री केलं तर सुरकुती लवकर जाते. रेशमावर पाणी शिंपडू नका, वर सांगितलेली वर्तुळं उमटतील. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची कोळशाची इस्त्री सुती साडीला उत्तम, पण तिला टिंबं नसतात. त्याला साटीन देऊ नका. हलक्या सुरकुत्यांसाठी अंघोळीला गरम पाणी सोडलं की बाथरूममध्ये हँगरवर टांगून ठेवा, वाफेने बऱ्याच निघतात.

धागा खेचला गेला तर कात्री दूर ठेवा. बांगडी, अंगठी, बॅगेचा वेल्क्रो, हिवाळ्यात फुटलेले हात, कशानेही हा पोहणारा धागा अडकतो आणि वर छोटा फास उभा राहतो. तो कापला की तिथे भोक पडायला सुरुवात झालीच. आधी त्या जागेच्या दोन्ही बाजूंना कापड धरून हलके ताणा, उभं, मग आडवं, मग तिरकं. अर्धा फास तेवढ्यानेच परत आत जातो. उरलेल्यासाठी दहा नंबरची बारीक सुई घ्या. फास जिथून निघाला त्याच भोकातून सुई मागच्या बाजूला अर्धी काढा, फासाला सुईभोवती एक वळसा द्या आणि सुई सावकाश मागच्या बाजूने ओढून घ्या. धागा मागे जातो. पुढून बोटाने कुरवाळा, समोर काही दिसत नाही. हे करायच्या आधी मी हातांना चमचाभर साखर आणि खोबरेल चोळून धुते, नाहीतर फुटलेल्या बोटानेच दुसरा फास निघतो.

ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको, आत दमट हवा कोंडते. जुनी सुती साडी किंवा मलमल गुंडाळा. घडीच्या आत सुती ओढणीची गुंडाळी ठेवली तर तिथे कडक रेघ पडत नाही. डांबरगोळी थेट कपड्याला लागू देऊ नका, पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला.

आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या मागे लावायचा पिवळा साटीनचा पडदा आहे, सासूबाईंच्या वेळचा. भाद्रपद लागायच्या पंधरा दिवस आधी मी तो काढते, सावलीत एक दिवस मोकळा टांगते, उलट्या बाजूने दमट मलमलीवरून इस्त्री ठेवत-उचलत करते. तीन दिवसांनी उतरवला की हळदीकुंकवाचे कण मऊ कुंचल्याने झटकते, धुवायची गरज असेल तरच धुते, आणि या वेळी जिथे घडी होती त्याच्या चार बोटं बाजूला नवी घडी घालून परत ठेवते.